दोन वजा

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाण्यांची नव्हे, मोजणीची. गोल कातडी डबी, तिच्या बाजूला पितळेची मूठ आणि आत गुंडाळलेली लांबलचक कापडी पट्टी, असे माझे रूप होते. आता कातड्याला भेगा पडल्या आहेत आणि मूठ फिरवली की कुरकुर ऐकू येते. माझ्यासारखीने स्वतःची गोष्ट सांगावी का, हे मला बराच काळ ठरवता आले नाही. पण ज्या पिशवीत मी राहते, तिच्यात माझ्या शेजारी एक पत्र वर्षानुवर्षे पडून होते. त्याला उत्तर गेले नव्हते. पत्र मला आलेले नव्हते, तरी त्यात प्रश्न विचारला होता तो माझ्याबद्दलच. म्हणून बोलते. चुकले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. ओल्या काळ्या शाईचा वास आणि अंगावर एकामागून एक उमटत गेलेले आकडे, एवढेच ध्यानात आहे. लातूरच्या एका सरकारी कचेरीने मला विकत घेतले. तिथे मी व्यंकटरावांच्या हाती आले. ते मोजणीदार होते. सडपातळ, चष्मा लावणारे, आणि कुणी समोरून आले की बाजूला होऊन वाट देणारे. त्यांच्या पिशवीत मी असे आणि एखादे पुस्तक असे. काम संपले की ते झाडाखाली बसून वाचत.

माझे दुसरे टोक धरायला हणमंत नावाचा शिपाई होता. तो सगळ्या बाबतीत व्यंकटरावांच्या उलट. शेताच्या या बांधावरून बोलला तर त्या बांधावरची म्हैस मान वर करी. व्यंकटराव आकडा हळूच सांगत आणि हणमंत तो साऱ्या जगाला ओरडून सांगे. अशी आमची जोडी जमली. डाळ मिलच्या जागा, नवे रस्ते, शाळांची अंगणे आम्ही मोजली. भावाभावांची भांडणे माझ्या अंगावरच्या आकड्याने मिटताना मी पाहिली. "ही टेप खोटं बोलत न्हाई," असे लोक म्हणत. तेव्हा मला फार बरे वाटे. ते कौतुक खरे होते की नाही, अशी शंका तेव्हा आली नव्हती.

मग त्र्याण्णव सालचा भूकंप झाला.

मित्रांनो, त्या दिवसांबद्दल मी थोडेच सांगेन. आम्हाला औशाच्या पलीकडच्या एका गावात पाठवले. घरे कुठे होती ते मोजायचे होते. पण घर कुठे संपते आणि गल्ली कुठे सुरू होते, हे कुणालाच सांगता येईना. ज्यांना सांगता आले असते, ते दगडमातीखाली होते. वास इतका होता की हणमंतासारखा माणूसही तोंडाला फडके बांधून गप्प झाला. अशाच एका ढिगावरून मला ओढत नेताना उरलेली भिंत कोसळली. हणमंत मागे उडी मारून वाचला. माझे टोक मात्र कडीसकट खाली राहिले. पहिले मीटर तुटले. ते अजून तिथेच असेल.

नवी टेप मागवली होती, ती आली नाही. हणमंताने माझ्या तुटक्या टोकाला, जिथे एकचा आकडा होता तिथेच, सुतळीची गाठ मारून नवी कडी बसवली. त्या दिवसापासून माझी मोजणी एकपासून सुरू होऊ लागली. म्हणजे जो आकडा दिसेल त्यातून एक कमी करायचा. व्यंकटराव पुटपुटत, "एक वजा." हणमंत ओरडे, "एक वजा!" टेप दोनदा टाकावी लागली तर दोन वजा. त्याला इतकी सवय झाली की हॉटेलातही तो सांगे, "चार चहा, एक वजा. राव चहा घेत न्हाईत."

पुढे त्या गावच्या उरलेल्या लोकांसाठी दूरवर नवी वसाहत आखली. तिथे मला केवळाबाई भेटल्या. भूकंपात त्यांचे सासू-सासरे आणि लेक गेली होती. त्यांचा प्लॉट मोजताना हणमंत ओरडला, "नऊ! एक वजा, आठ!"

केवळाबाई पदर खोचून धावत आल्या. "काय वजा केलं रं? माझी जागा वजा केली का?"

"न्हाई मावशी, जागा न्हाई. टेप तुटकी हाय. तिचं पहिलं मीटर तुमच्याच गावात मातीखाली ऱ्हायलं."

"माझं बी लई काय काय तिथं ऱ्हायलंय," केवळाबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, "अन वजा केलंच न्हाई तर?"

"तर मोजमाप खोटं पडंल. आठ म्हनून सात भेटंल."

"मग इसरू नको. माझ्या शेजारनीलाबी वजा करूनच दे."

त्यांचा नवरा लांब एका दगडावर बसला होता. तो भूकंपातून वाचला होता, पण नवी घरे होईपर्यंत राहायला दिलेल्या पत्र्याच्या वस्तीत पाण्याचा टँकर वेळेवर येत नसे आणि दारूचे कॅन मात्र वेळेवर येत. तिथे दारू विकायला कुणाला विचारावे लागले नाही आणि तिने काय होईल हे कुणी पाहिलेही नाही. दुसऱ्या वर्षी तो दारूनेच गेला. केवळाबाईंनी भांडी गोणपाटात बांधली आणि त्या लातूरला आल्या.

लातुरात तेव्हा क्लासचे दिवस सुरू झाले होते. कुठून कुठून मुले येत. देगलूर, निलंगा, अहमदपूर, थेट नांदेडपासून. भिंतीभिंतींवर निकालांचे फलक लागले. घरमालकांनी गोठे पाडून खोल्या बांधल्या. केवळाबाईंनी एका गल्लीत घर भाड्याने घेऊन खाली मेस सुरू केली आणि वरच्या खोल्यांत क्लासच्या मुली ठेवल्या. व्यंकटराव दुपारी तिथेच जेवू लागले. मी खुंटीवर लटकून असे. समोरच्या घरात चांदबी नावाच्या बाई शिलाई मशीन चालवत. त्यांच्या मशीनचा आवाज आणि वरून येणारा मुलींच्या पाठांतराचा आवाज एकमेकांत मिसळत असे. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस होते.

त्या मुलींत शिवकांता होती. देगलूरकडची, काळीसावळी, मोठ्या डोळ्यांची. तिला डॉक्टर व्हायचे होते. तिने एकदा व्यंकटरावांच्या पिशवीतून डोकावणारे पुस्तक पाहिले आणि सरळ विचारले, "काका, झालं की मला द्याल?" व्यंकटराव कुणाशी फार बोलत नसत. तिच्याशी पुस्तकांबद्दल बोलत. केवळाबाई वाढता वाढता म्हणत, "तुमी दोघं बोला, भाकर गार हू द्या."

मग मेसच्या समोर, चांदबींच्या घराला लागून असलेल्या रिकाम्या गाळ्यासाठी मन्मथशेठ नावाच्या माणसाने देशी दारूच्या दुकानाचा परवाना मागितला.

परवाना देण्याआधी जागा पाहायची असते. आसपास काय आहे, कोण राहते, त्यांना काय वाटते, शाळा किती लांब आहे, हे सगळे तपासायचे असते. त्यासाठी परवान्याचे एक साहेब आले आणि अंतर मोजायला आमच्या कचेरीतून व्यंकटरावांना बोलावले. हणमंताला त्या दिवशी दुसऱ्या कामावर धाडले होते. माझे टोक धरायला मन्मथशेठांचा माणूस पुढे झाला. कडी कशी धरायची, ते त्याला कुणी सांगितले नाही.

साहेबांनी कागदावर नजर ठेवून विचारले, "आजूबाजूच्या लोकांची हरकत?"

"कुणाचीच नाही साहेब," मन्मथशेठ म्हणाले. "हे काय, दोन पंच उभेच आहेत."

ते दोघे या गल्लीत राहत नव्हते. शेठांच्या जीपमधूनच उतरले होते.

चांदबींनी मशीन थांबवली आणि दारात येऊन त्या म्हणाल्या, "साब, यहाँ तो हम रहते. हमकू कौन पूछा?"

"पंच झाले, बाई."

"वर पोरी ऱ्हात्यात साहेब," केवळाबाई म्हणाल्या. "मायबापानं माझ्या भरवशावर ठिवल्यात. क्लासला जायचं तर ह्याच दारावरनं जावं लागतं. रातच्याला येत्यात बी हितूनच."

"क्लास म्हणजे शाळा नाही. नियमात शाळा आहे. शाळा कुठंय?"

शाळा गल्लीच्या तोंडाला होती. लहान मुलांची, दोन खोल्यांची.

"मग मोजा," साहेब म्हणाले.

मला शाळेच्या फाटकापासून गाळ्याच्या दारापर्यंत टाकले. एकदा टाकून पुरले नाही, म्हणून दोनदा टाकले. दोन्ही आकड्यांची बेरीज नियमापेक्षा मीटरभर जास्त आली. दोन वजा केले असते, तर ती नियमापेक्षा मीटरभर कमी भरली असती आणि दुकानाला परवाना मिळाला नसता. एवढीच गोष्ट होती.

साहेब आकडा लिहू लागले. व्यंकटराव म्हणाले, "दोन वजा."

मित्रांनो, मी त्यांच्या हातात होते म्हणून मला ऐकू आले. गल्लीत रिक्षा शिरली होती, शेठांचा माणूस थंड बाटल्या वाटत होता.

"काय म्हणालात?" साहेबांनी मान वर केली.

सगळे व्यंकटरावांकडे पाहू लागले. त्यांचे कान लाल झाले. त्यांना वाटले असेल, त्या माणसाने कडी नीट धरली होती का, पट्टी सैल तर नव्हती, आपलीच बेरीज चुकली नसेल ना. त्यांना मी ओळखते. ते दार लावून निघाले की परत येऊन कुलूप ओढून पाहणारे गृहस्थ. आणि खरे सांगू, मलाही त्या क्षणी माझी खात्री वाटेना. कापडी पट्टी वापरून ताणते म्हणतात. मी ताणले गेले असेन तर?

"काही नाही," व्यंकटराव म्हणाले.

तेवढ्यात केवळाबाई पायरी उतरून खाली आल्या. "व्यंकटभाऊ, वजा केलं का? तुमची टेप तुटकी हाय की! माझ्या प्लॉटाला वजा केलं हुतं."

साहेब हसले. "सरकारी टेप आहे बाई. काय व्यंकटराव, तुटकी आहे का टेप?"

व्यंकटरावांनी माझ्या सुतळीच्या गाठीकडे पाहिले.

"जुनी आहे," ते म्हणाले.

सगळे हसले. "जुनी तर आम्हीबी हाओत," एक पंच म्हणाला, आणि अजून हशा झाला. केवळाबाई हसल्या नाहीत. त्या व्यंकटरावांकडे बघत राहिल्या. कागदावर सह्या झाल्या. सर्वांत खाली व्यंकटरावांची सही झाली.

त्या दुपारी ते जेवायला गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. पुन्हा कधीच नाही. त्याच वर्षी ते निवृत्त झाले. कचेरीने मला निकामी ठरवले, तेव्हा त्यांनी मला मागून घेतले आणि आम्ही मुदखेडला त्यांच्या मुलाकडे, श्रीनाथकडे, राहायला आलो.

तिथे ते पत्र आले. शिवकांताचे होते. व्यंकटरावांनी ते इतक्या वेळा वाचले की मलाही पाठ झाले. "काका, सादर नमस्कार. दुकान सुरू झाले आहे. संध्याकाळी आम्ही मुली चांदबीखालांच्या घरातून मागच्या दाराने ये-जा करतो. मावशींनी वर तक्रार केली. मोजणाऱ्याने स्वतः चूक झाली असे लिहून दिले तर पुन्हा मोजू, असे उत्तर मिळाले. मावशी म्हणतात, टेप तुटकी होती. तुम्ही एवढे लिहून द्याल का? तुमचे पुस्तक माझ्याकडे आहे. वाचून झाले की पाठवते."

व्यंकटराव उत्तर लिहायला बसले. दोन ओळी लिहून त्यांनी कागद फाडला. पुन्हा बसले. श्रीनाथ म्हणाला, "बाबा, त्या कागदावर सही तुमची आहे. उद्या चौकशी लागली तर पेन्शन अडकेल. या वयात कचेरीच्या पायऱ्या चढणार का?" त्याचे अगदीच चूक नव्हते. व्यंकटरावांनी पत्राची घडी केली आणि माझ्या शेजारी ठेवली.

मग आम्हा दोघांवर, पत्रावर आणि माझ्यावर, धूळ बसत गेली. मला कुणी बाहेर काढले नाही. व्यंकटराव पुस्तके वाचत, पण पान उलटायला त्यांना फार वेळ लागे.

कितीतरी वर्षांनी एका सकाळी दारात ओळखीचा आवाज घुमला. "राव हायत का घरात?" हणमंत होता. डोळे दाखवायला नांदेडला आला होता, तिथून मुद्दाम मुदखेडला उतरला. केस पार पांढरे झाले होते.

"काय करता राव आता?"

"वाचतो."

"वाचा. लई चांगलं."

चहा आला. व्यंकटरावांनी हळूच विचारले, "मेस चालते का रे?"

"चालती म्हनायची. खाली चार पोरं जेवत्यात. वरच्या खोल्या रिकाम्या. पोरींचे बाप आले अन सामान घिऊन गेले. दुकानापुढं सांच्यापारी उभं ऱ्हाता येत न्हाई."

"शिवकांता?"

हणमंताने बशी खाली ठेवली. "तिला दोघांनी दुकानाम्होरं अडवलं. पिलेले हुते. चांदबी कात्री घिऊन धावल्या म्हनून सुटली. वह्या गटारात गेल्या. परीक्षा तोंडावर हुती. बाप आला अन तसाच घिऊन गेला. म्हनला, डॉक्टर नको अन काय नको. उन्हाळ्यात लगीन लावलं. आता लेकरं हायत तिला."



"तिनं मला पत्र लिहिलं होतं," व्यंकटराव म्हणाले.

"ठावं हाय. माझ्याम्होरंच लिवलं. पत्ता मीच दिला."

"मग इतकी वर्षं तू विचारलं नाहीस?"

"मी काय इचारू राव? मोजताना तुमी आकडा सांगितल्याबिगर मी कदी वरडलो का?"

व्यंकटरावांनी चष्मा काढला. "केवळाबाई काय म्हणतात?"

"काय न्हाई. परवाना दरसाल नवा करावा लागतो. तवा त्या अन चांदबी हरकतीचा अर्ज देत्यात. दरसाल देत्यात, दरसाल तेच उत्तर येतं. मी मुदखेडला चाललो म्हनलं, तर तुमाला नमस्कार सांगितला."

"अजून काही?"

"न्हाई. नुसता नमस्कार."

हणमंत गेल्यावर व्यंकटरावांनी पिशवी उघडली आणि मला बाहेर काढले. श्रीनाथची नवी पोलादी टेप आणून आम्हा दोघींना अंगणात शेजारी शेजारी अंथरले. गुडघ्यांवर बसून, चष्मा पुसून पुसून, त्यांनी आकड्याशी आकडा ताडून पाहिला. मी ताणले गेले नव्हते. आखडलेही नव्हते. पहिले मीटर तेवढे नव्हते, बाकी सारे जागच्या जागी होते. मित्रांनो, इतकी वर्षे मला वाटत होते की दोष बहुधा माझाच असेल. त्या अंगणात मला कळले, मी तुटकी होते पण खोटी नव्हते. ते कळून आनंद झाला नाही. शिवकांताच्या वह्या त्याआधीच गटारात गेल्या होत्या.

मला फार शहाणपण सांगता येत नाही. पण एवढे ऐका. तुटलेल्या वस्तूनेही नीट काम होते, ती कुठे तुटली आहे हे कुणीतरी मोठ्याने सांगत राहिले तर. आणि तुमच्या गल्लीत कुणी मोजायला आले, कुणाची हरकत नाही असे लिहू लागले, तर घरातच बसू नका. दारात जा. टेपचे टोक तुमच्या हाताने धरा. दारातून बोलणाऱ्या बायांना कुणी हसले, तर तुम्ही हसू नका. माझ्यावर फक्त लांबी लिहिलेली आहे. तेवढ्या लांबीत कोण राहते, कोण कुठल्या वाटेने घरी येते, हे माझ्यावर लिहिलेले नाही. ते माणसांनी माणसांना विचारायचे असते.

दुसऱ्या दिवशी व्यंकटराव पोस्टात गेले. पिशवीत मीही होते. त्यांच्याजवळ दोन पाकिटे होती. एक परवान्याच्या कचेरीला, टेप तुटकी होती आणि दोन वजा करायचे राहिले, असे लिहून दिलेले. काउंटरवरच्या बाईंनी ते घेतले आणि दुसऱ्यावरचा पत्ता वाचला.

"शिवकांता, द्वारा केवळाबाई, लातूर. या तिथंच राहतात का आजोबा?"

"आता नाही."

"मग हे परत येईल की."

"मावशींनी घेतलं तर नाही येणार."

"अन नाही घेतलं तर कुणाकडं पाठवायचं? मागं तुमचं नावच नाही. दोन्हीवर नाही."

व्यंकटराव थबकले. मागच्या रांगेतल्या कुणीतरी म्हटले, "चला ना काका." ते बाजूला झाले नाहीत. त्यांनी दोरीला बांधलेले पेन उचलले, पाकिटे उलटी केली आणि दोन्हीवर आपले पूर्ण नाव लिहिले. खाली लिहिले, निवृत्त मोजणीदार. त्याखाली मुदखेडचा पत्ता, घरनंबरासकट. बाईंनी दोन्हीवर शिक्के मारले आणि पाकिटे मागच्या थैलीत टाकली.